तीन किलो सातशे ग्रॅम

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीचे काम सुरू होऊन तासभर झाला होता आणि मी मायक्रोमीटरने शाफ्टचा व्यास तपासत होतो, तेव्हा मला बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांचा फोन आला. सर कामाच्या वेळी एरवी कधी फोन करीत नाहीत. त्यांनी खुशाली विचारली नाही, "आज सकाळी वजन किती भरलं?" एवढेच विचारले. मी 67 किलो 200 ग्रॅम असे सांगितले. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "19 दिवसांत साडेत्रेसष्टला उतरशील का? दहा राउंडची आहे. पट्ट्यासाठी."

मुंबईत एका व्यावसायिक किताबाची लढत ठरलेली होती. 140 पौंड, म्हणजे 63.5 किलो, ही तिची वजनमर्यादा होती. विजेत्याला आव्हान देणाऱ्या मुलाच्या हाताचे हाड सरावात मोडले आणि सभागृहाचे भाडे, जाहिराती, तिकिटे असे सगळे होऊन गेल्यामुळे आयोजकांना तीन आठवड्यांच्या आत दुसरा माणूस हवा होता. माझ्या नावावर तोपर्यंत 9 लढती होत्या. त्यांपैकी 5 जिंकलेल्या आणि 4 हरलेल्या. शेवटची लढत होऊन 14 महिने झाले होते, वय 33 होते आणि सहा फेऱ्यांपलीकडे मी कधी लढलो नव्हतो. गुणवत्तेच्या कोणत्याही यादीवरून कोणी माझ्यापर्यंत पोहोचले नसते. आयोजकांनी आधी तिघांना विचारले होते, हे मला नंतर कळले. एक जण 74 किलोंवर गेलेला होता, दुसऱ्याच्या रक्ततपासणीची मुदत संपली होती आणि तिसऱ्याने इतक्या कमी मुदतीत दहा फेऱ्या नकोत म्हणून नकार दिला होता. मी वजनाच्या जवळ होतो आणि माझे कागद चालू होते, म्हणून फोन माझ्यापर्यंत आला.

ही गोष्ट मी पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण त्यानंतर भेटलेल्या प्रत्येकाने मला "नशीब उघडलं" असे म्हटले आणि मला ते शब्द पटले नाहीत. लढत नसतानाच्या त्या 14 महिन्यांत मी रोज सकाळी वजन करून वहीत लिहीत होतो आणि 68 च्या वर आकडा गेला की दोन दिवस जेवणावर लक्ष ठेवीत होतो. दर सहा महिन्यांनी स्वतःच्या पगारातून रक्ततपासण्या करून घेत होतो. कोणतीही लढत समोर नसताना हे कशासाठी, असे घरात अनेकदा विचारले गेले होते आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

अँडी रुइझ या हेवीवेट बॉक्सरचे उदाहरण सरांनी त्याच संध्याकाळी दिले. 1 जून 2019 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेव्हाचा जगज्जेता अँथनी जोशुआ याच्यासमोर मुळात जॅरेल मिलर उभा राहणार होता. तो उत्तेजकांच्या चाचणीत सापडला आणि त्याच्या जागी रुइझला घेतले. तिसऱ्या फेरीत रुइझ स्वतः खाली पडला, उठला, आणि सातव्या फेरीत लढत संपवून जगज्जेता झाला. लोकांना त्याचे पोट आणि त्याचा विजय तेवढे आठवते. सरांचे म्हणणे असे, की तो 20 एप्रिलला, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी, एक पूर्ण तयारीची लढत लढून आलेला होता, हे कोणी लक्षात घेत नाही. त्याच रुइझचे वजन डिसेंबरमधल्या परतीच्या लढतीच्या वेळी आणखी वाढलेले होते आणि पट्टा सहा महिन्यांत परत गेला, हेही त्यांनी सांगितले.

मी होकार देण्यापूर्वी घरी विचारायला एक रात्र मागून घेतली. आमचे घर बाबाजीपुऱ्यात आहे. बाबांनी लहानपणापासून जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला. मलाही त्यांनी सातव्या वर्षी तिथेच नेले होते. 1880 साली सुरू झालेल्या आणि प्रोफेसर माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या त्या आखाड्याबद्दल बाबांच्या मनात देवळाइतकाच आदर आहे. मी मल्लखांब सोडून बॉक्सिंगकडे वळलो, याचे त्यांना बरीच वर्षे वाईट वाटत होते, कारण त्यांच्या मते डोक्यावर मार घेण्यात व्यायाम नाही. त्या रात्री त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "दहा फेऱ्या म्हणजे मिनिटं किती?" मी म्हणालो, तीस. ते काही बोलले नाहीत. माझी पत्नी मात्र स्पष्ट बोलली. "अहो, तुम्ही जा. पण पाणी तोडून वजन उतरवायचं असेल तर मी होकार देणार नाही. जेवण कमी करा, पळा, काय ते करा. पाणी तोडायचं नाही." दोन वर्षांपूर्वी एका लढतीआधी मी शेवटचे दोन दिवस जवळजवळ पाणी सोडले होते आणि वजन देऊन परतताना जिन्यात चक्कर येऊन बसलो होतो, ते तिने पाहिले होते.

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. शरीरातले पाणी आटलेले असताना डोक्याला बसणारा मार अधिक धोकादायक ठरतो, असे डॉक्टर सांगतात, आणि वजन दिल्यानंतरच्या एका दिवसात ते पाणी पूर्णपणे भरून येईलच असे नाही. किताबाच्या लढती पूर्वी 15 फेऱ्यांच्या असत. 13 नोव्हेंबर 1982 रोजी लास वेगासमध्ये कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला; त्यानंतर त्या 12 वर आणल्या गेल्या. आमच्या खेळातले बरेचसे नियम असे कोणाच्या तरी जिवाच्या मोलाने आलेले आहेत, हे नव्याने येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रांचे काम तीन दिवसांत उरकले. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या जानेवारीत झालेल्या होत्या. ईसीजी, मेंदूचा एमआरआय आणि बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी एवढे नव्याने करावे लागले. डोळ्यांत औषध घातल्यावर चार-पाच तास उन्हाकडे बघवत नाही, आणि बडोद्याच्या मे महिन्यातले ऊन काय असते ते सांगायला नको. त्या दुपारी धाकटा भाऊ मला स्कूटरवर मागे बसवून, डोळ्यांवर ओला रुमाल बांधून घरी घेऊन आला.

मग वजन. 3 किलो 700 ग्रॅम हा आकडा मी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्याचे दोन भाग केले. अडीच किलो जेवण आणि पळण्यातून 16 दिवसांत घालवायचे आणि उरलेले 1 किलो 200 ग्रॅम शेवटच्या तीन दिवसांत मीठ, भात आणि पोळी जवळजवळ बंद करून जाऊ द्यायचे. यामागचे गणित सरांनी फळ्यावर मांडून दाखवले होते: शरीरात साठवलेल्या पिष्टाच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, त्यामुळे तो साठा उतरू दिला की तहान न मारताही वजन खाली येते. ऐकायला हे सोपे वाटते. घरात केशर आंब्यांची पेटी उघडलेली असताना, आई दर रविवारी आमरस आणि पुऱ्या करीत असताना, समोर उकडलेली दुधी आणि मुगाचे कढण घेऊन बसणे सोपे नाही. दुसऱ्या रविवारी आईने रस केलाच नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "फ्रीजरमध्ये घालून ठेवलाय. तू आलास की सगळ्यांनी मिळून खाऊ." त्या दिवशी लहान मुलांनीही रस मागितला नाही, म्हणजे तिने त्यांना आधीच समजावलेले असणार.

कारखान्यात मी पाळी बदलून मागितली, ती मिळाली नाही. त्यामुळे रात्री साडेअकराला घरी येऊन पहाटे पाचला उठणे, हेच वेळापत्रक राहिले. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळून निघून विश्वामित्री नदीच्या पुलावरून कमाटीबागेत शिरायचे, आतून फेऱ्या मारायच्या आणि ऊन चढायच्या आत परतायचे. बागेतल्या वस्तुसंग्रहालयापाशी गामा पहिलवानाने 1902 साली उचलला असे सांगितला जाणारा दगड आहे. लहानपणी बाबा मला तो दाखवायला नेत आणि त्याला हात लावून नमस्कार करायला लावीत. त्या 19 दिवसांत मी तिथे थांबलो नाही, पण प्रत्येक फेरीला नजर तिकडे जाई.

सरावाची जागा म्हणजे रावपुऱ्यातल्या एका इमारतीचा पहिला मजला. दोन बॅगा, जमिनीवर दोरीने आखलेली रिंग आणि एक पंखा. खरी अडचण जोडीदारांची होती. माझ्या वजनाचा एकच मुलगा तिथे होता आणि तो चार फेऱ्यांत थकत असे. म्हणून सरांनी तिघांना आळीपाळीने आत पाठवायला सुरुवात केली. दर दोन फेऱ्यांनी ताजा माणूस समोर यायचा आणि मी मात्र तोच. अशा दहा फेऱ्या मी 16 औंसांच्या ग्लोव्हजमध्ये पहिल्यांदा पूर्ण केल्या, तेव्हा लढतीला 8 दिवस उरले होते. शेवटच्या घंटेनंतर मी जमिनीवर बसलो आणि सरांनी काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवला.

आखणी अशी ठरली. जखमी झालेला आव्हानवीर डावखुरा होता आणि विजेत्याने दोन महिने डावखुऱ्यासाठी तयारी केली होती. मी उजवा, त्यामुळे त्याच्या सवयी पहिल्या काही फेऱ्यांत अडखळणार. माझी दमछाक होण्याची भीती असल्याने पहिल्या दोन फेऱ्या राखून खेळायच्या, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आणि पायांवर भर द्यायचा, आणि तिसरीपासून पोटावर मारा करीत सातव्या-आठव्या फेरीत त्याचे हात खाली आणायचे. मला पहिल्या दोन फेऱ्या सोडून देणे पटत नव्हते. सर म्हणाले, "दहा आहेत. दोन गेल्या तरी आठ उरतात." पुढे जे झाले त्यानंतरही या मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही.

लढतीच्या आदल्या दिवशी पहाटे मुंबईला पोहोचलो, तेव्हा वजन 63 किलो 900 होते. हॉटेलच्या खोलीत दोन टीशर्ट घालून अर्धा तास दोरीवरच्या उड्या मारल्या. दुपारी 12 वाजता अधिकृत काट्यावर उभा राहिलो आणि पडद्यावर 63.4 उमटले. पत्नीला दिलेला शब्द मी शंभर टक्के पाळला असे म्हणता येणार नाही, कारण शेवटच्या 20 तासांत मी जेमतेम पाऊण लिटर पाणी प्यायलो होतो. पण मागच्या वेळेसारखे पाय थरथरत नव्हते. विजेता 63.5 भरला. त्याच्या गालांची हाडे वर आलेली होती आणि ओठ कोरडे होते. आम्ही हात मिळवला तेव्हा त्याने हळूच विचारले, "नोटीस कितनी मिली?" मी 19 दिवस म्हटल्यावर त्याने मान हलवली. त्यात तुच्छता नव्हती. आमच्या धंद्यातल्या माणसाला 19 दिवस म्हणजे काय ते कळते.

काट्यावरून उतरताच सरांनी ओआरएसची बाटली हातात ठेवली. एका दमात प्यायची नाही, घोट-घोट घ्यायची. तासाभराने पातळ खिचडी, संध्याकाळी भात आणि वरण, रात्री केळी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी 66 वर होतो.

लढतीच्या रात्री हात बांधण्याचा जो अर्धा तास असतो, तो मला सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जवळचा वाटतो. खुर्ची उलटी फिरवून तिच्या पाठीवर टॉवेलची घडी ठेवायची आणि त्यावर हात पसरायचा. सरांनी चिकटपट्टीचे तुकडे आधीच फाडून टेबलाच्या कडेला ओळीने लावून ठेवले होते. आधी गॉजचा पट्टा मनगटाभोवती तीन वेळा, मग अंगठ्यामागून तळव्यावर, मग बोटांच्या सांध्यांवर घडी करून केलेली जाड गादी, आणि ती बोटांच्या मधून घेतलेल्या बारीक पट्ट्यांनी पक्की. सांध्यांच्या ठोसा लागणाऱ्या भागावर चिकटपट्टी येता कामा नये, हा नियम. म्हणून विजेत्याच्या बाजूचा एक माणूस आणि एक निरीक्षक समोर उभे राहून पाहत होते. दर दोन वेढ्यांनी सर म्हणत, "मूठ कर," आणि मी मूठ वळून त्यांच्या तळहातावर हलकेच मारी. सरांचे स्वतःचे उजवे मनगट जुन्या दुखापतीने पुरते वळत नाही, त्यामुळे ते पट्टी दातांनी धरून ओढतात. बांधून झाल्यावर निरीक्षकाने पेनाने दोन्ही हातांवर सही केली. त्या सहीनंतर मला पाण्याची बाटलीसुद्धा दुसऱ्याने तोंडाला लावावी लागली. 8 औंसांचे ग्लोव्हज चढवले, नाड्या बांधून त्यावर पट्टी मारली, आणि सरावातल्या ग्लोव्हजच्या निम्म्या वजनाचे ते हात मला एकदम उघडे वाटू लागले.

पहिल्या दोन फेऱ्या ठरल्याप्रमाणे गेल्या, म्हणजे मी हरलो. तो मध्यभागी उभा राहून पुढे येत होता आणि मी कडेने फिरत होतो. तिसरीत मी थांबून खेळायला लागलो आणि त्याच्या बरगड्यांखाली दोन डावे हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेले ठोसे, नीट बसले. दुसऱ्या वेळी त्याचा श्वास बाहेर पडलेला मला ऐकू आला. चौथ्या फेरीत त्याने उत्तर दिले. त्याचा सरळ उजवा कपाळावर बसला तेव्हा दिवे क्षणभर पांढरे झाले आणि सरांचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. पाचवी माझी होती, याबद्दल मला शंका नाही. तो मागच्या पायावर गेला होता, दोऱ्यांना टेकत होता, आणि घंटेनंतर कोपऱ्याकडे जाताना त्याने कोपर बरगडीशी दाबून धरले होते. स्टुलावर बसल्यावर सर पहिल्यांदाच हसले. "आता आपली चालू झाली," ते म्हणाले.

सहाव्या फेरीत साधारण पावणेदोन मिनिटे झाली असतील. मी पोटावर मारायला वाकून आत शिरलो, त्याच क्षणी तोही वाकून पुढे आला आणि त्याचे डोके माझ्या डाव्या भुवईवर आदळले. दुखले नाही. डोळ्यात काहीतरी गरम उतरले आणि उजव्या डोळ्याने मी रेफरीला हात वर करताना पाहिले. त्यांनी जजांकडे वळून टक्कर अनवधानाने झाली असल्याची खूण केली आणि मला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गॉजने जखम दाबून धरली, सोडली, पुन्हा दाबली. जखम पापणीकडे उतरत होती. मी म्हणालो, "दिसतंय मला." त्यांनी माझा उजवा डोळा झाकून किती बोटे, असे विचारले. रक्ताच्या पडद्यातून मला बोटे मोजता आली नाहीत. सरांच्या खिशात रक्त थांबवणारा ॲड्रेनलिनचा बोळा तयार होता, बर्फात सूज दाबण्याचा लोखंडी ठोकळा होता, पण ते सगळे दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटासाठी असते, आणि ते मिनिट आले नाही.

अनवधानाने झालेल्या टकरीमुळे लढत थांबली आणि चार फेऱ्या पूर्ण झालेल्या असल्या, तर तोवरचे गुण मोजून निकाल लावतात; अर्धवट राहिलेली फेरीही धरली जाते. चारच्या आत थांबली असती तर निकालच लागला नसता. हा नियम मला तोंडपाठ होता. रिंगच्या मध्यभागी टॉवेल डोळ्यावर धरून उभा असताना निवेदकाने आकडे वाचले: 57-57, 58-56, 58-56. दोन जजांनी चार फेऱ्या त्याला आणि दोन मला दिल्या होत्या. पट्टा त्याच्याकडेच राहिला. त्याने येऊन माझ्या मानेमागे हात घातला आणि कानाशी म्हणाला, "भाई, पसलियां गईं मेरी."

त्या दोन कार्डांवर पहिल्या दोन फेऱ्यांपैकी एक जरी माझी असती, तरी ती दोन्ही कार्डे 57-57 झाली असती. दोन्ही असत्या, तर पट्टा बडोद्याला आला असता. दहा फेऱ्यांची लढत दहा फेऱ्या चालेलच असे धरून आम्ही सुरुवातीचे गुण सोडून दिले, ही चूक होती असे माझे मत आहे. सरांचे मत असे, की पहिल्यापासून भिडलो असतो तर पाचव्या फेरीपर्यंत मी पोहोचलोच नसतो. त्यांनी मला 11 वर्षे शिकवले आहे आणि त्यांचे म्हणणे मी सहज बाजूला सारत नाही. पण ज्याला मुदत कमी मिळाली आहे त्याने शेवटच्या फेऱ्यांवर भरवसा ठेवू नये, असे मला आजही वाटते.

ड्रेसिंगरूममध्ये सात टाके पडले. डॉक्टरांनी 60 दिवस सरावात डोक्यावर मार घ्यायचा नाही असे लेखी दिले आणि त्या रात्री मला एकटे झोपू देऊ नका, उलटी किंवा झापड वाटली तर लगेच रुग्णालयात न्या, असे सरांना बजावले. सर रात्रभर खुर्चीत बसून होते. दर दोन तासांनी उठवून ते मला माझे पूर्ण नाव आणि घराचा पत्ता विचारीत.

दुपारच्या गाडीने बडोद्याला उतरलो तेव्हा बाबा फलाटावर उभे होते. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि टाके नीट पाहिले. "शिवण चांगली घातलीय," म्हणाले. मग माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी देत नव्हतो, पण त्यांनी ऐकले नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारले, "पाचव्या फेरीत तो दोऱ्यांना टेकला, तेव्हा तू मागे का सरलास?" त्यांनी भावाच्या मोबाइलवर लढत शेवटपर्यंत पाहिली होती. माझी लढत त्यांनी पाहिल्याची ती पहिलीच वेळ. घर येईपर्यंत आम्ही त्याच एका प्रसंगाबद्दल बोलत होतो.

संध्याकाळी आईने फ्रीजरमधला रस बाहेर काढला. मी तीन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन 66 किलो 900 भरले, ते वहीत लिहिले, आणि शेजारी रक्ततपासण्या पुन्हा कधी करायच्या ती तारीख लिहिली.